मराकेश: राहायचं कुठे, खायचं काय आणि वाडा कुणाचा

मराकेशला जाऊन आल्यापासून हापिसात दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी चहाच्या टपरीवर विचारतंच, "राहायचं कुठे? व्हेज मिळतं का? संध्याकाळी करायचं काय?" तेच तेच सांगून माझी टेप झिजली, म्हणून या वीकांताला सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी राहण्याचं. शहराचे सरळ दोन भाग आहेत. तटबंदीच्या आतलं जुनं गाव म्हणजे मेदिना, आणि १९१२ नंतर फ्रेंचांच्या अमदानीत वसलेलं गेलीझ. गेलीझमध्ये रुंद रस्ते, लिफ्टवाली हॉटेलं, कॅफे, बार. लॅपटॉप उघडून काम करायचं असेल, रात्री बिअर प्यायची असेल तर तिथेच राहा, कारण मेदिनात दारू सहसा मिळत नाही. पण दोन-तीनच रात्री असतील तर मेदिनातला रियाद सोडू नका.

रियाद बाहेरून बघाल तर काहीच नाही. अरुंद बोळ, गेरूच्या रंगाची कोरी भिंत, एक बुटकं दार. आत पाऊल टाकलं की चौक! मधे कारंजं, संत्र्याची झाडं, चारी बाजूंनी खोल्या, वर उघडं आकाश. पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. हा वाडाच की हो!

टॅक्सी बोळात येत नाही, आणि त्या बोळांत मोबाईलचा नकाशाही गोंधळतो. त्यामुळे वेशीपर्यंत माणूस पाठवायला आधीच सांगून ठेवा. नाहीतर 'चला दाखवतो' म्हणणारी पोरं भेटतात आणि दारात पोचल्यावर पैसे मागतात. नको असेल तर हसून "ला, शुक्रन" म्हणा आणि चालत राहा. छोट्या बेज टॅक्सीवाल्याला मीटर टाकायला लावा, नाहीतर बसण्याआधी भाव ठरवा (पुण्याच्या रिक्षांवर ज्यांचं शिक्षण झालंय त्यांना हे जड जाणार नाही). दिरहाम आपल्याकडे मिळत नाहीत. युरो न्या आणि तिथे बदला. बाजारात रोखच चालते.

आता पोटोबा. सकाळी म्समेन, म्हणजे तव्यावरची चौकोनी घडीची पोळी, मधाबरोबर. झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं भरीत, फक्त फोडणीऐवजी ऑलिव्ह तेल. बिसारा हे वाटलेल्या बाकल्याचं दाट सूप, थंडीत झकास. भाज्यांचं ताजीन आणि हरीरा सूप मागवताना मात्र मटणाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या, बऱ्याचदा घालतात. शुक्रवारी दुपारी कुसकुस. मांसाहारी मंडळींनी तंजिया खावा. मातीच्या उभट मडक्यात मटण आणि मसाला भरून ते हमामच्या भट्टीच्या राखेत तासन्‌तास ठेवतात. हा खास मराकेशचा पदार्थ.

दिवसा बेन युसुफ मदरसा बघा (१६ व्या शतकातला, डागडुजीनंतर २०२२ साली पुन्हा उघडला). माजोरेल बागेचं तिकीट मात्र आधीच काढा. संध्याकाळी जायचं जामा अल-फना चौकात. दुपारी ओसाड वाटणारं ते मैदान अंधार पडला की धुराने, खाण्याच्या गाड्यांनी आणि ग्नावा वादकांच्या लोखंडी करताळांनी भरून जातं. माणसं गोल करून उभी राहतात, त्याला 'हलका' म्हणतात. या चौकाच्या मौखिक परंपरेचा युनेस्कोने २००१ साली गौरव केला. त्यासाठी तिथेच राहणाऱ्या हुआन गोयतिसोलो या स्पॅनिश लेखकाने खूप धडपड केली होती. पण ज्यांच्यासाठी हे झालं ते गोष्ट सांगणारे आता विरळाच. साहजिक आहे. गोष्ट कळायला भाषा लागते, नागाचा फोटो काढायला लागत नाही. आमच्यासारख्यांचे दिरहाम मग नागवाल्याकडेच जातात.

हे मला जरा जास्तच लागलं, त्याला कारण आहे. आमचा पेठेतला वाडा सध्या बिल्डरच्या फायलीत अडकलाय. काकांना फ्लॅट हवेत, चुलतबहिणीला 'हेरिटेज होमस्टे'. मी रियादचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तर ती लगेच, "बघा, वाचवता येतं!"

खरंच येतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपियनांनी, त्यातही फ्रेंचांनी, पडायला आलेली घरं घेतली आणि निगुतीने उभी केली. भिंती वाचल्या. पण आमच्या रियादमध्ये नाश्ता करणाऱ्या मावशी रोज सकाळी शहराबाहेरून बसने यायच्या. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं तर म्हणाल्या, लहानपण दोन बोळ पलीकडेच गेलं. भावांनी घर विकलं, आता तिथे पाहुणे उतरतात. मी विचारलं, परत यावंसं वाटतं का? त्या हसल्या. म्हणाल्या, चौकाची आठवण येते, जिन्याची नाही.

आमच्या आजीचे गुडघे हेच म्हणतात!

८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात सुमारे २,९०० माणसं गेली, बहुतेक डोंगरातल्या गावांत. मराकेशमध्ये जामा अल-फनाजवळच्या मशिदीचा मिनार कोसळला, मेदिनातली जुनी घरंही पडली. जुनी भिंत जपायची तर तिच्यावर सतत पैसा ओतावा लागतो, आणि तो पाहुण्यांकडूनच येणार असेल तर घरच्यांसाठी खोली उरत नाही. आमच्या वाड्याच्या पुढच्या बैठकीत मी एवढंच विचारणार आहे: होमस्टे झाला तर आजीची खोली कुठली? याचं उत्तर कागदावर आलं तर बहिणीच्या बाजूने, नाहीतर काकांच्या.

असो. तुम्ही जाल तेव्हा मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा, उन्हाळा भाजून काढतो. आणि रियादमध्ये उतरलात तर नाश्ता करणाऱ्या मावशींसाठी निघताना थोडे दिरहाम बाजूला ठेवा.