वाढतं पिल्लू आणि वाढणारा हात

आपल्याकडे कुत्र्याचं पिल्लू कुणी विचार करून आणतं असं फारसं होत नाही. शेतावर राखणीला हवं म्हणून घरातले पुरुष आणतात, नाहीतर पोरं दप्तरात लपवून आणतात. आणणारं कुणीही असो, दुसऱ्या दिवसापासून त्याला जेवायला घालण्याचं काम कुणाकडे येतं हे मी सांगायला नकोच! म्हणून हा लेख आणणाऱ्यांसाठी नाही, वाढणारीसाठी आहे.

आमच्याकडे औशाला मोत्या आला तो दोन महिन्यांचा असताना. जात कारवानी. आपल्या लातूर-सोलापूर भागात ही कुत्री बऱ्याच ठिकाणी दिसतात. लांब पाय, निमुळतं तोंड, खोल छाती आणि आत ओढलेलं पोट. याच वळणाचं कुत्रं कर्नाटकात मुधोळ हाऊंड म्हणून ओळखलं जातं. २००५ साली टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीटही काढलं. पूर्वी ही कुत्री सशामागे, हरणामागे सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो खेळ कायद्यानं बंद झाला. आता ती राखण करतात, पण अंगलट पळणाऱ्याचीच राहिली.

ही अंगलटच वाढणारीच्या जिवाला घोर लावते. घरी आलेली प्रत्येक बाई मोत्याकडे बघून म्हणायची, ‘‘बरगड्या दिसायल्यात की गं त्याच्या! उपाशी मारायलीस का लेकराला?’’ असं चार जणींनी म्हटलं की आपला हात आपोआप सैल सुटतो. अजून अर्धी भाकरी, अजून वाटीभर दूध. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय ना, पानात जास्त वाढलं की माया जास्त! पिल्लाच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा पडतो.

का, ते सांगते. पिल्लाची हाडं पहिल्या वर्षात भराभर लांबतात. त्या वेळी पोटात नको इतकं गेलं, तर अंगाचं वजन आधी वाढतं आणि कोवळ्या सांध्यांना ते पेलत नाही. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. आमच्याच गल्लीत एका घरी असं लाडावलेलं कुत्रं होतं. सहाव्या महिन्यात गुबगुबीत दिसायचं, सगळे कौतुक करायचे. वर्षाचं झालं तेव्हा त्याला पायऱ्या चढवेनात. आपल्या लेकरांचं बाळसं उतरतं, पण एकदा बिघडलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

दुसरीकडे नुसत्या भाकरीवर वाढवलेली पिल्लंही मी पाहिली आहेत. सकाळी ताक-भाकरी, रात्री भाकरी-वरणाचं पाणी. भाकरीनं पोट भरतं, हाड भरत नाही. ज्वारीत प्रथिनं शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास, आणि कॅल्शियम अगदी थोडं. नुसतं मटण घातलं तरी तीच गत, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. मग शरीर लागणारं कॅल्शियम स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. पाय वाकतात, पिल्लू लंगडतं, साध्या उडीनंही हाड मोडतं.

आता प्रमाणाकडे येऊ. दोन महिन्यांचं, पाच किलोचं पिल्लू धरा. त्याला दिवसाला सातशेच्या आसपास उष्मांक लागतात. म्हणजे काय, तर शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी, दोन उकडलेली अंडी, पाऊण छटाक नव्हे, चांगलं पाऊणशे ग्रॅम बिनहाडाचं शिजवलेलं चिकन आणि वाटीभर दही. हे सगळं एका वेळी नाही हं! पिल्लाची भूक मोठी, पण पोट लहान. चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा घालावं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वजन दुप्पट झालं म्हणून जेवण दुप्पट करायचं नसतं. चार महिन्यांत ते दहा किलोचं झालं, तर चौदाशे नव्हे, हजाराच्या आसपास उष्मांक पुरतात. जसजसं अंग भरतं, तसतसं किलोमागे लागणारं अन्न कमी होत जातं. आपण मात्र पातेलं मोठं करत जातो, आणि तिथंच सगळं बिघडतं.

कॅल्शियमचं काय, असं तुम्ही विचाराल. घरच्या जेवणात ते कमीच पडतं, तेव्हा द्यावं लागतं. पण दुकानातून बाटली आणून अंदाजानं चमचे ओतू नका. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, आणि जास्तीनंही हाडं वेडीवाकडी वाढतात. पिल्लाचं वजन आणि रोजचं जेवण कागदावर लिहून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मात्रा ते ठरवतील. आपल्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे कितीतरी जणींना ठाऊक नसतं. पाकिटातलं खाणं घालत असाल, तर त्यावर पिल्लांसाठीचा पूर्ण आहार असं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. त्याच्यावर वेगळं कॅल्शियम अजिबात नको. पाकिटामागच्या तक्त्यात बहुधा कुत्रं मोठं झाल्यावर किती किलोचं होईल हे विचारलेलं असतं. कारवानी वीस किलोच्या पुढं जातं, तेव्हा ओळ नीट पाहून मापाची वाटी ठरवा. खाणं बदलायचं झालं तर आठवडाभरात थोडं थोडं बदला, नाहीतर पोट बिघडतं.

इथपर्यंत वाचून काही जणी म्हणतील, ‘‘बाई, आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, चिकन कुठलं!’’ आमचंही घर माळकरी. मोत्या आला तेव्हा मला सगळ्यात मोठी काळजी हीच होती. आत्याबाईंना विचारायचं कसं? शेवटी धीर करून विचारलं. त्या बराच वेळ ज्वारी निवडत बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘माळ मी घातली, कुत्र्यानं नाही. पण माझ्या चुलीवर नको.’’ झालं! परसात तीन विटांची चूल मांडली, एक ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं काढलं. आणायचं काम पोराकडे, शिजवायचं माझ्याकडे. ते पातेलं आजवर उंबऱ्याच्या आत आलेलं नाही.

ज्यांच्याकडे हेही जमणार नाही, त्यांनीही पिल्लाला भाकरीवर सोडू नये. चिकनच्या जागी पनीर आणि चांगली भिजवून शिजवलेली सोयाबीनची वडी घालता येते. सोयाबीन तर आपल्या लातूरचंच पीक! वाळलेल्या वडीत निम्मी प्रथिनं असतात. फक्त पूर्ण शाकाहारावर पिल्लू वाढवायचं तर यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवी. दूध म्हणाल, तर कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात साखर जास्त आणि प्रथिनं, स्निग्धांश खूप कमी. काही पिल्लांना त्यानं हगवण लागते. त्यापेक्षा दही बरं.

आपल्या पानातलं उचलून घालायची सवय मात्र मोडा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, कच्चा असो की शिजवलेला. येळवशीला आपण शेतात जेवतो, सगळे पाहुणे येतात, आणि जो तो पिल्लापुढं भज्जी नि आंबिल ठेवतो. भज्जीत कांद्याची पात, आंबिलीत लसूण! त्या दिवशी पिल्लाचा डबा घरून न्यावा आणि पाहुण्यांना हसत हसत नाही म्हणावं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही वर्ज्य. शिजलेली हाडं टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात, तीही नकोत.

पाणी सारखं समोर हवं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. दुपारचं जेवण उन्हं कलल्यावर घाला, आणि वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. नाहीतर आंबतं.

आता, पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हात लावून बघा. स्वतःचा पंजा सरळ धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं पंजाच्या पाठीवरून फिरवा. पिल्लाच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर सांधे जसे टोचतात तशा लागल्या तर खाणं कमी पडतंय. तळहातासारखं मऊ लागलं तर जास्त होतंय. कारवानी पिल्लाच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या नजरेला दिसतात, ते ठीकच. अंग वाळलेलं आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं असेल, तर बहुधा जंत झालेले असतात. मग जेवण वाढवून उपयोग नाही, औषध द्यायला हवं.

दर रविवारी पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, आणि वजाबाकी कॅलेंडरवर लिहा. दोन मिनिटांचं काम. मोत्याच्या वजनाचे आकडे आमच्या भिंतीवर गॅस सिलिंडरच्या तारखांशेजारी आहेत. आता कुणी ‘उपाशी मारायलीस का’ म्हणालं, की मी काही बोलत नाही. आत्याबाईच पुढं होतात आणि म्हणतात, ‘‘हात लावून बघ की बाई, मग बोल.’’