मामाच्या घरचा टीव्ही

माझे मामा मुलुंडला चाळीत राहतात. आजी सांगते, १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे. चाळीत टीव्ही एकच. संपले की सगळी पोरं चौकात धनुष्यबाण खेळत.

आता माझ्या अडीच वर्षांच्या मामेभावाला कार्टूनशिवाय घास उतरत नाही. आई म्हणाली, “वहिनी, पोरगं अजून ‘पाणी’सुद्धा म्हणत नाही गं!” डॉक्टर म्हणाले, टीव्ही बंद करा, त्याच्याशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर एक तास. त्याहून लहानांना नकोच.

सुट्टीत मी त्याला खिडकीतून लोकल दाखवत भरवले. दोन दिवस नुसता रडला. (शेजारीसुद्धा बघायला आले!) तिसऱ्या दिवशी म्हणाला, “गाडी.” मामी हातातले लाटणे घेऊनच धावत आली.