सांपडलें तें सांगितलें

सकाळीं चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीं कोणी देवाचें नांव घेतो, कोणी वर्तमानपत्र उघडतो. मी ह्या दोहोंपैकीं कांहींच करीत नाहीं. उशाजवळचा मोबाईल उचलतों आणि आदल्या रात्रीं मला जें कांहीं सांपडलें असेल तें दहाबारा मित्रांना पाठवून देतों. सांपडलेलें फार मोलाचें असतें असें मुळींच नाहीं. कधीं एखाद्या जुन्या तबकडीवरचें गाणें, कधीं दीनानाथ दलालांनीं रंगविलेलें 'दीपावली'चें मुखपृष्ठ, कधीं शिवाजी पार्काकडच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याची वळणदार जाळी, तर कधीं रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेली कमळावरची लक्ष्मी. इंटरनेटच्या अफाट चोरबाजारांत मी रोज रात्रीं तासदोन तास भटकतों, आणि हातीं लागेल तें पदरांत बांधून परत येतों. पण तें एकट्यानें पाहून माझें समाधान होत नाहीं. कोणाला तरी दाखविल्याखेरीज एखादी वस्तु आपल्याला सांपडली असें मला वाटतच नाहीं.

ही खोड आजची नव्हे. माझें बालपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें, आणि चाळींत एकट्यानें आनंद भोगण्याची सोयच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडांत चावीचा ग्रामोफोन होता. तो सुरू झाला कीं सबंध मजला दारांत येऊन उभा राही. मालकांना त्याचें वाईट वाटत नसे. उलट कोणी आलें नाहीं तर ते पुन्हां सुई बदलून तीच तबकडी लावीत. तबकडीच्या मधोमध कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा असे. ऐकावें कसें, हें मला प्रथम त्या कुत्र्यानें शिकविलें.

त्या कुत्र्याची कथा मला फार उशिरां, अशाच एका रात्रींच्या भटकंतींत कळली. फ्रान्सिस बॅरॉड नांवाच्या चित्रकारानें तो मूळ चित्रांत एका निराळ्याच यंत्रापुढें, नळकांड्याच्या फोनोग्राफपुढें, बसविला होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतलें तेव्हां त्यानें जुन्या यंत्रावर रंग फांसून तेथें ग्रामोफोन काढून दिला. मीं ही हकीकत तांतडीनें सर्वांना पाठविली. लालबागच्या माझ्या मित्राचें उत्तर आलें, "म्हणजे ज्याचा आवाज कुत्रा ऐकत होता, तें यंत्र काढून घेतलें तरी तो ऐकतोच आहे!" मीं हंसलों. त्या उत्तरांत हंसण्यापलीकडचें कांहीं होतें, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

हा मित्र मला चोरबाजारांतच मिळाला. हीराबाई बडोदेकरांच्या एका तबकडीवर आम्हां दोघांचा हात एकाच वेळीं पडला. बरीच घासाघीस झाल्यावर तबकडी त्यानें घ्यावी व मीं त्याच्या घरीं जाऊन ती ऐकावी, असा तह झाला. तो एका गिरणींत साळखात्यांत कामाला होता. मी बँकेंत कारकून. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या एका बाजूपुढें आमचें हुद्दे, आमचीं गांवें, आमचें शिक्षण, सारें विसरलें जाई. एवढ्या वेळांत गवयानें राग उभा करावा, तान घ्यावी आणि समेवर येऊन थांबावें, ह्या कारागिरीचें त्याला फार कौतुक. साच्यावर काम करणाराला वेळेची किंमत ठाऊक असते, असें तो म्हणे.

पुढें १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरांत कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हां कधींच आंत गेले नाहींत. माझा मित्रहि त्यांतलाच. संपाच्या दुसऱ्या वर्षीं त्यानें आधीं ग्रामोफोन विकला, मग एकेक करून तबकड्या. मला तो एका शब्दानेंहि बोलला नाहीं. सहा महिन्यांनीं मी गेलों तेव्हां ग्रामोफोनच्या जागीं शिवणयंत्र होतें, आणि वहिनी ब्लाऊज शिवीत होत्या. मीं कांहीं विचारलें नाहीं, त्यानें कांहीं सांगितलें नाहीं.

म्हणूनच मोबाईल आल्यावर मला वाटलें कीं, आतां ह्याच्या साऱ्या तबकड्या आपण ह्याला परत देऊं शकूं. जुन्या तबकड्यांचे संग्राहक मोठे दिलदार निघाले. मुंबईंत १९९० सालीं त्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली, 'रेकॉर्ड न्यूज' हें तिचें नियतकालिकहि चाललें. आणि आतां तर जगांतल्या कोणाकोणाच्या कपाटांतल्या तबकड्या घरबसल्या ऐकायला मिळतात. १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झालेली गौहरजान मिळते. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव सांगते तेंहि ऐकूं येतें. मिळत नाहींत ते भास्करबुवा बखले, मिळत नाहींत ते अल्लादियाखां. भास्करबुवा १९२२ सालीं गेले, खांसाहेब १९४६ सालीं. दोघांचेंहि गाणें तबकडीवर उतरलेंच नाहीं. जें मिळे तें मात्र मी लालबागला धाडीत असें, आणि तासाभरांत उत्तर येई. "दुसऱ्या आवर्तनांत बाई किंचित् थांबतात, तेथें तबलजी कसा संभाळून घेतो पाहा." कधीं नुसतेंच, "वाहवा!" फोन केला तर मात्र तो घेत नसे. "लिही," असें उत्तर येई. म्हातारपणाचा लहरीपणा म्हणून मीं तें सोडून दिलें.

गेल्या वर्षीं गणपतींत त्याच्या घरीं गेलों. त्या दिवसांत लालबागांत पाऊल ठेवायला जागा नसते, हें मुंबईकराला सांगायला नको. समोरच्या मांडवांतील कर्णे असे गरजत होते कीं खिडकीच्या कांचा थरथरत होत्या. मित्र खिडकीलगतच खुर्चींत बसून शांतपणें वाचीत होता. मला पाहून तो प्रसन्न झाला, आम्हीं बोलूं लागलों. मला ओरडावें लागत होतें. तो मात्र माझ्या तोंडाकडे पाहात नेहमींच्या आवाजांत बोलत होता. कांहीं वेळानें मी मिरवणूक पाहण्यासाठीं उठलों आणि बाहेर पाहात पाहात त्याला कांहींतरी विचारलें. उत्तर आलें नाहीं. पुन्हां विचारलें, ओरडून विचारलें. नाहींच.

वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भावोजी, समोर येऊन बोला. पाठमोरं बोललेलं त्यांना कळत नाहीं. तीन वर्षं झालीं कीं!"

मी त्याच्यासमोर जाऊन बसलों. काय झालें असावें तें त्यानें माझ्या चेहऱ्यावरून ओळखलें.

"सतरा वर्षं साच्यांवर काढलीं," तो म्हणाला. "त्या खडखडाटांत बोलायचं तर ओठच वाचावे लागत. कान तेव्हांपासूनच जायला लागले होते. उरलेलं वयानं केलं. गिरणीनं एक विद्या घेतली, एक दिली."

"आणि यंत्र?"

"आहे कीं. भांडं पडलं कीं कळतं. सूर कळत नाहीं."

"मग मी पाठवितों तीं गाणीं?"

त्यानें माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तबकडीचं नुसतं लेबल दिसलं, कीं माझ्या डोक्यांत ती लागते. खरखरीसकट. ज्या मला ठाऊक नाहींत त्या नाहीं लागत. त्यांना मी 'वाहवा' लिहितों."

दादरला परत येऊन मीं त्या रात्रीं तीन वर्षांचीं त्याचीं सारीं उत्तरें वाचून काढलीं. त्याच्या जुन्या संग्रहांतल्या प्रत्येक तबकडीवर चारपांच ओळी होत्या. बाकी सगळीकडे 'वाहवा'. इतकी उघड गोष्ट माझ्या नजरेंतून सुटली होती, कारण त्याचें उत्तर आलें कीं नाहीं एवढेंच मी पाहात असें; तें काय आहे हें पाहात नसें. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाठविलेल्या गाण्यांपैकीं कितीतरी मीं स्वतः शेवटपर्यंत ऐकलींच नव्हतीं. पहिलीं दहा सेकंदें ऐकावीं आणि पुढें ढकलावें, असा माझा क्रम होता. ज्याला ऐकूं येत नव्हतें तो बिचारा आठवणींतून सबंध तबकडी ऐकत होता, आणि कान शाबूत असलेला मी नुसता हमाली करीत होतों.

त्या रात्रीं मला केसरबाई केरकरांची आठवण झाली. अल्लादियाखांची ही शिष्या. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं, आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी बसविली. तीवर जगांतील ५५ भाषांतून नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीहि आहे. आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरें यान ५ सप्टेंबरला निघालें आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून जातोच आहे. त्यांतलें एक यान तर २०१२ सालीं सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलें. पाठविणारांनीं तबकडीबरोबर सुई दिली, ती कशी लावावी ह्याचीं चित्रें वेष्टणावर कोरलीं. घेणाराला कान असतील कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनाहि पडलाच असेल. म्हणून तर त्यांनीं एवढी तजवीज केली. मीं माझ्या मित्राला सुईसुद्धां दिली नव्हती.

आतां मी दहाबारा जणांना रोज कांहीं पाठवीत नाहीं. लालबागला मात्र पाठवितों. चित्रें पाठवितों, कारण त्याचे डोळे चांगले आहेत. शनिवारीं प्रत्यक्ष जातों. परवां आम्हीं फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा उरलेला भाग शेजारीं बसून पाहिला. ३ मे १९१३ रोजीं हा मूकपट गिरगांवांत, कॉरोनेशनमध्यें, माझ्या चाळीपासून फार दूर नव्हे, लोकांना दाखविला गेला. तारामतीच्या वेषांतील अण्णा साळुंके दिसतांच मित्र पुढें सरसावून ओठ वाचूं लागला. "चित्र फार पुसट आहे," असें म्हणून त्यानें नाद सोडला. पण तेवढा वेळ आम्हां दोघांपैकीं बहिरा कोणीच नव्हता.

गाणेंहि पाठवितों, पण त्यासोबत दहा ओळी लिहितों. सूर कोठें लागतो, श्वास कोठें घेतला आहे, तान कशी उतरते. हें लिहिणें किती कठीण आहे, तें लिहूं लागल्यावर कळलें. दहा ओळींसाठीं तबकडी सात वेळां ऐकावी लागते. गेल्या आठवड्यांत त्याला ठाऊक नसलेल्या एका बाईंची तबकडी मीं अशीच लिहून पाठविली, आणि 'वाहवा'ची वाट पाहात बसलों. उत्तर आलें, "सारंगी बाईंच्या बरोबर चालते, कीं मागून येते? तें लिहिलें नाहींस. नीट ऐकून कळव."

मीं तबकडी पुन्हां लावली.