जरीपटक्यांतील जुनीं यंत्रें

उत्तर नागपुरांतील जरीपटका या वस्तीचें नांव मराठ्यांच्या जरतारी निशाणाचें स्मरण देतें. परंतु तिची आजची घडण झाली ती १९४७ सालच्या फाळणीनंतर येथें वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या उद्यमानें. घरदार सोडून आलेल्या माणसांस वस्तूचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

अशा या वस्तींत कबाड्याच्या दुकानीं बंद पडलेला रेडिओ अथवा व्हॅक्यूम क्लीनर दिसला, कीं माझें पाऊल थबकतें. धूळ ओढणारें हें यंत्र ह्यूबर्ट बूथ या इंग्रज अभियंत्यानें १९०१ सालीं काढलें, तेव्हां तें घोडागाडीवरून न्यावें लागे. आपल्याकडे १९८२ सालीं स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीनें घरोघर विक्रेते पाठवून तें परिचित केलें. त्याचा रोग पुष्कळदां किरकोळच असतो: मोटारींतील झिजलेले कार्बन, फाटलेली पिशवी, तुटलेली वायर.

मात्र सारेंच संग्राह्य नसतें. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या कांचेंत शिसें असतें. तांब्याच्या चार तारांसाठीं ती फोडणारा मजूर आपलें आरोग्यच मोडीत काढीत असतो. असा संच अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावा.

देवालयाचा जीर्णोद्धार आपण पुण्यकर्म मानतों. यंत्राचा जीर्णोद्धारही त्याच जातीचा होय; पण तो कपाटांत मांडून होत नाहीं. दुरुस्त झालेलें यंत्र गरजूच्या घरीं पुन्हां चालूं लागलें, तरच संग्रह सार्थ. एरव्हीं तो निव्वळ परिग्रह!