दोनशे पाच श्लोकांचा रस्ता

तंजावराहून पट्टुकोट्टैकडे निघाले की वीस-बावीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु लागते. वाचकांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. भाताची खाचरे, नारळीच्या बागा, एक गजबजलेला बाजार आणि भर दुपारी माणसाला सावलीखेरीज दुसरे काही सुचू न देणारे ऊन, एवढेच तेथे प्रथमदर्शनी नजरेस पडते. आमचे मात्र ते आजोळ. वडील रेल्वेच्या नोकरीत नागपुरास असल्यामुळे आमचे शिक्षण मराठीत झाले. पुढे पदवी पदरात पाडून आम्ही चेन्नईस केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. परंतु आमचे बालपण कोठे गेले असे कोणी विचारले, तर नागपूर हे उत्तर आमच्या तोंडून सहजासहजी निघत नाही. उन्हाळ्याची सुटी लागताच आम्हांला ओरत्तनाडूस, मामांच्या स्वाधीन केले जाई.

मामा कालव्याच्या खात्यात नोकरीस होते. 1934 साली मेट्टूरचे धरण पुरे झाले, त्याच योजनेतला कल्लणैचा नवा कालवा तंजावर शहरातून पुढे या बाजूस उतरतो. त्याच्या आणि त्याच्या फाट्यांच्या काठाने हिंडण्यात त्यांची नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर माणूस विसावा घेतो. मामा त्याच काठाने पगारावाचून हिंडू लागले. पहाटे स्नान, बारा सूर्यनमस्कार, मग खांद्यावर पंचा आणि हातात काठी. धीवर कोणत्या खांबावर बसतो, मुंगसाचे बीळ कोठे आहे, कोणत्या बांधाला यंदा भगदाड पडणार, हे सारे त्यांस ठाऊक असे. तिन्ही मुलींना त्यांनी कालव्यातच पोहावयास शिकविले. शेजाऱ्यांनी नाके मुरडली तेव्हा, पाण्यापाशी घर आहे, मुलींनी काय बुडावे, एवढेच त्यांनी विचारले. कामावरून आले की मामीच्या शेजारी बसून भाजी चिरणारा पुरुष आम्ही प्रथम त्यांच्याच घरी पाहिला.

त्यांचे घराणे रामदासी. समर्थांचे शिष्य भीमस्वामी तंजावरी येऊन राहिले आणि तेथे त्यांचा मठ झाला, तेव्हापासूनचा तो धागा. पण मामांची भक्ती देवघरात फारशी बसत नसे. ती चालत असे. पायरी उतरताना पहिला मनाचा श्लोक सुरू होई आणि कालव्याच्या तिसऱ्या दरवाजापाशी दोनशे पाचवा संपे. गावातील अंतरेही ते श्लोकांनीच मोजीत. मोठा वड बेचाळिसावर, धोब्याचा दगड सत्तरावर, मोरी एकशे दहावर. परक्याने वाट विचारली तरी उत्तर याच मापात देत आणि मग, त्याचा चेहरा पाहून, हसत हसत फर्लांगावर येत.

हे श्लोक त्यांनी आपल्या आजीच्या वहीतून पाठ केले होते आणि ती वही होती तमिळ लिपीतली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांस मिळून एकच अक्षर. तेव्हा मामांच्या तोंडी समर्थांचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आम्ही नागपूरच्या शाळेत पहिला नंबर मिळविणारे चिरंजीव. चालता चालता त्यांचे उच्चार दुरुस्त करीत असू. मामा थांबत, सुधारलेला शब्द दोनदा म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आजीचाच उच्चार! याला आम्ही अडाणीपणा समजत होतो. त्या वेळी आम्ही बारा वर्षांचे होतो, हे सांगून सुटका होण्यासारखी नाही. तिसाव्या वर्षीही आमचे मत फारसे बदललेले नव्हते.

ओरत्तनाडूस मराठी माणसाने पाहावे असे एक स्थळ आहे, ते मुक्तांबाळ छत्र. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या स्मरणार्थ ते बांधले. मृत्युशय्येवर तिने, माझ्या नावाने अन्नछत्र घाला, असे मागितले, अशी कथा सांगतात. ती विवाहित राण्यांपैकी नव्हती, म्हणून आमच्याकडील वडीलधारी मंडळी हा विषय निघाला की घसा खाकरीत. मामा खाकरीत नसत. एरवी लोक बायकांना दागिने देतात, या राजाने हजारो लोकांचे जेवण दिले, असे ते म्हणत. दगडी हत्ती-घोडे जुंपलेल्या त्या वास्तूच्या ओट्यावर आम्हांला बसवून ते महाराजांच्या एका पत्राची हकीकत सांगत. 1799 च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले होते. निदान छत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून महाराजांनी 1801 साली रेसिडेंटास लिहिले. छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना जेवण मिळते. शिजलेला भात ज्यांना चालत नाही त्यांना शिधा. आजाऱ्यास औषध, तान्ह्या मुलास दूध. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, अशी हाळी देतात, असा त्यात तपशील आहे.

ती घंटा मामांच्या मनात कायमची बसली होती. रात्री सर्वांची जेवणे झाली की ते ओसरीवर येऊन, कोणी जेवायचे राहिले आहे काय, असे रस्त्याकडे पाहून विचारीत. एकदा तमिळमधून, एकदा मराठीतून. मराठीतून कशाला, कोण समजणार, असे आम्ही विचारले तर म्हणाले, महाराजांच्या वेळचा कोणी राहिला असला तर? बहुधा कोणीच येत नसे. कधी एखादा लॉरीचा क्लीनर येई, कधी नुसते कुत्रे. एका सुटीत त्यांनी ते काम आम्हांस सांगितले. आम्ही ओसरीपर्यंत गेलो, ओशाळलो, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून परत आलो.

2018 च्या नोव्हेंबरात गजा वादळ आले. या भागातील नारळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. मामांच्या चाळीस झाडांपैकी सहा उरली. आम्ही दूरध्वनीवरून सांत्वनाचे चार शब्द बोललो. आम्ही कोरड्या सुरात बोललो, हे आम्हांला बोलतानाच कळत होते. मामांचे वय तेव्हा सत्तरीपार. आठ-दहा दिवस ते कालव्यावरही गेले नाहीत, असे मामी पुढे म्हणाली. मग एका पहाटे उठले, श्लोक म्हणत गेले, आणि येताना रोपांची चौकशी करून आले. उंच जातीच्या नारळीला फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक होते!

2023 च्या मे महिन्यात त्यांचे पत्र आले. मेट्टूरचे दरवाजे 12 जूनला उघडावयाचे हा जुना शिरस्ता. तो पुष्कळदा मोडतो, पण यंदा धरणात पाणी आहे, तेव्हा कोरड्या कालव्यात पहिले पाणी सरकत येताना पाहावयास ये, लहानपणी तुला आवडत असे, इतकाच मजकूर. रजा मिळत नाही असे आम्ही उत्तर दिले. वास्तविक रजा शिल्लक होती. आम्ही अर्जच केला नाही. ऐन उन्हाळ्यात बसने धक्के खात जाण्याचा कंटाळा आला, याहून मोठे कारण शोधूनही सापडत नाही. पाणी ठरल्या दिवशी सुटले. मामा ऑगस्टमध्ये गेले.

तेराव्याला मात्र आम्हांस रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे, घरातील मंडळी निजलेली असताना, आम्ही मामांची काठी घेऊन बाहेर पडलो. पायरी उतरताना पहिला श्लोक म्हटला. कालवा भरून वाहत होता. शुद्ध उच्चारांविषयी आमची ख्याती. परंतु तिसाच्या पुढे ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. तेविसावा पुन्हा आला, मग पस्तिसावा, मग काहीच आठवेना. थोडा वेळ नुसते उभे राहिलो आणि परतलो.

मामी ओसरीवर बसली होती. काठी पाहून तिने काही विचारले नाही. काही वेळाने म्हणाली, "कितव्यापर्यंत गेलास?"

आम्ही खरे ते सांगितले.

"म्हणजे वडापर्यंतसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि पान वाढावयास आत गेली.