रोजच्या लाटेचा बोर्ड

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या मेरवेदर किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत जी लाट येते, तिचा फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. कमरेइतकी, फार तर छातीपर्यंत. सकाळी पाणी गुळगुळीत असतं. दुपारकडे ईशान्येचा वारा सुटतो आणि सगळं विस्कटून टाकतो. लांबवर कोळसा भरायला आलेली जहाजं आपल्या पाळीची वाट बघत उभी असतात, आणि अलीकडे आम्ही नोकरदार मंडळी ऑफिसच्या आधी मिळेल ती लाट पदरात पाडून घेत असतो. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, दक्षिणेकडून जोरकस लाटा येतात. त्या दिवसांच्या गप्पा वर्षभर चालतात, पण असे दिवस थोडे.

माझा जुना सर्फबोर्ड त्या थोड्या दिवसांचा होता. सहा फूट एक इंच, अरुंद, तीन फिनचा (फिन म्हणजे बोर्डाच्या तळाशी बसवलेली पाती). लाट उभी आणि ताकदीची असली की तो म्हणाल तिथे वळायचा. कमरेइतक्या लाटेवर मात्र पहिलं वळण झालं की पुढे लाट सपाट व्हायची आणि वेग मरायचा. मग पायांनी बोर्ड दाबत, हिसके देत पुढे सरकायचं. तोवर लाट निघून जायची.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा एक गाजलेला इलाज याच किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने केला. मार्क रिचर्ड्स उंचापुरा. मोठ्या लाटांत दबदबा, पण छोट्या लाटांत हलके, बुटके स्पर्धक त्याला मागे टाकायचे. 1976 मध्ये सिडनीच्या एका स्पर्धेत त्याने हवाईच्या रेनो अबेलिराचा आखूड, दोन फिनचा म्हणजे ‘ट्विन फिन’ बोर्ड पाहिला आणि त्यावरून स्वतःचा घडवला. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं तो जगज्जेता होता. मधेच 1981 मध्ये सायमन अँडरसनने बेल्स बीचच्या अजस्र लाटांत तीन फिनच्या ‘थ्रस्टर’वर जिंकून दाखवलं. हळूहळू सगळं जग तीन फिनवर गेलं आणि ट्विन फिन बरीच वर्षं मागे पडला.

दोन्हीतला फरक समजायला अवघड नाही. थ्रस्टरची मधली फिन शेपटीशी सरळ बसवलेली असते. ती बोर्ड घसरू देत नाही, उभ्या लाटेत पकड देते, पण पाण्याला अडवतेही. लाटेत जोर असेल तर ही अडवणूक जाणवत नाही. लाट मरतुकडी असेल तर तीच नडते. ती काढली की बोर्ड सपाट पाण्यातूनही पळतो, मात्र पकड सगळी कडेवर आणि उरलेल्या दोन फिनवर येते.

दुकानात ट्विन फिन मागितला तर समोर दोन वेगळ्याच जाती येतात. एक ‘फिश’: सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने 1967 च्या सुमारास गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी बनवलेला. आखूड, रुंद, जवळजवळ सपाट, खाली बुटक्या आणि लांब बुडाच्या फिन. तो सुसाट जातो, पण त्याला लांबलचक वळणं आवडतात. मला लाटेच्या डोक्यावर जाऊन झटकन परत फिरायचं होतं. त्यासाठी दुसरी जात, परफॉर्मन्स ट्विन: नाक थोडं अरुंद, बाक जास्त, शेपटीकडे कडा पातळ आणि फिन उंच.

इथल्या एका शेपरकडे, म्हणजे हाताने बोर्ड घडवणाऱ्याकडे, गेलो. मला वाटलं, तो वजन-उंची विचारेल. तो म्हणाला, “गेल्या महिन्यात कसल्या लाटांत उतरलास ते सांग. आवडत्या लाटा नकोत, प्रत्यक्षात मिळालेल्या सांग.” मी सांगत गेलो, तो खडूने फळीवर आकडे लिहीत गेला. मग वजन विचारलं. 74 किलोला त्याने बोर्डाचं आकारमान 31 लिटर लिहिलं, माझ्या जुन्या बोर्डापेक्षा दोन लिटर जास्त. लांबी पाच फूट आठ इंचांवर आणली आणि गेलेली लांबी रुंदीत भरून काढली.

इपॉक्सीचा घ्यायचा की पॉलियुरेथेनचा, यावर आमचं थोडं वाजलं. इपॉक्सीचा हलका आणि जास्त तरंगणारा, म्हणून मला तो हवा होता. त्याने वाऱ्याकडे बोट दाखवलं. खडबडीत पाण्यावर हलका बोर्ड पायाखाली थडथडतो. पॉलियुरेथेनचा जरा जड, पण धक्के पोटात घेतो. मी मानलं. मग त्याने एक तयार बोर्ड उलटा ठेवला आणि माझा तळहात त्यावरून फिरवायला लावला. मधोमध उथळ खोलगट भाग, तो मागे जाता जाता फिनच्या जागी हलकेच उलटा होऊन मध्यरेषेवर बोथट धार होते. रुंद शेपूट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लोळायला ही धार हवी. तिच्या मागे छोट्या तिसऱ्या फिनसाठी खाच होती. “लाट वाढली की ही लाव,” तो म्हणाला.

पाण्यात पहिला फरक जाणवला तो पॅडल मारताना: लाट लवकर सापडते. दुसरा मागच्या पायाला. थ्रस्टरवर मागच्या पायाने दणका दिला की मधली फिन तो झेलते. इथे तसाच दणका दिला तर शेपूट बाजूला निसटते. वळण तळाशी, कडेवर अंग झोकून सुरू करावं लागतं आणि पाय नंतर, दमाने. हे अंगवळणी पडलं तसा लाटेचा सपाट पट्टा, जिथे जुना बोर्ड हमखास बसायचा, तिथून मी वेगासकट बाहेर येऊ लागलो आणि पुढच्या उभ्या तुकड्यावर वळायला वेग शिल्लक राहू लागला. वरच्या टोकाला शेपूट जराशी घसरून पुन्हा पकडते. ती घसरण मला आता मुद्दाम हवी असते.

डोक्यावरून जाणारी, पोकळ लाट असेल तर हा बोर्ड मी नेत नाही. छोटी फिन लावूनही उभ्या उतारावर तो बिचकतो. तिथे जुनाच बरा, म्हणून तो विकलेला नाही.

हल्ली कुणी नवा बोर्ड घ्यायला निघालं की मी शेपरचाच प्रश्न पुढे करतो. बहुतेक जण उत्तरादाखल एका झकास दिवसाचं वर्णन सुरू करतात. त्यांना सांगतो, त्या दिवसासाठी कुणाचा तरी उसना घे. विकत घेशील तो बाकीच्या दिवसांसाठी.