जुन्या गाडीचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबाच्या दारी, जीपच्या सांगाड्यावर बांधलेली एक जुनी पिकअप उभी असते. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्याच वंशातील हे वाहन. घरातील आप्पांनी तारुण्यात या गाडीवर तासगाव-मिरजेची वाट तुडवीत पेढी वाढविली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील नातवाने ती मागितली, तेव्हा त्यांनी आनंदाने किल्ली दिली. "नोंदणीचे नूतनीकरण झाले की तुझ्या नावावर करू," एवढेच ते म्हणाले.

नातवाची हौस निराळी होती. परदेशातील जुन्या पिकअप जमिनीलगत उतरविलेल्या असतात, तशी ही दिसावी असे त्याला वाटे. कमानींतील काही पाटे काढून त्याने गाडी खाली बसविली. आता रुंद अलॉय चाके आणि जाड नळ्यांचे, घुमणारे हेडर तेवढे हवे होते. साताऱ्यातील एक वयोवृद्ध मिस्त्री अशा जुन्या गाड्यांचे जाणकार असल्याचे कळले. आप्पांना शेजारी बसवून तो निघाला. पेठ नाका येईपर्यंत धुराची नळी तीन गतिरोधकांना घासली. प्रत्येक वेळी नातू ओशाळला. आप्पा मात्र काही बोलले नाहीत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले. "हे इंजिन धावणारे नव्हे, ओढणारे आहे," ते म्हणाले. चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० सीसीचे हे पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते. बिडाच्या मूळ मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचा धूर एकाच पोकळीत येऊन एकमेकांस अडवितो. हेडरमध्ये प्रत्येकास स्वतंत्र, समान लांबीची नळी मिळते आणि पुढे गेलेल्या धुराच्या ओढीने मागचा धूर सहज बाहेर पडतो. हे खरे, पण नळी प्रमाणाबाहेर जाड झाली, तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरील ओढ घटते. "म्हणजे आवाज वाढेल आणि चढावर जोर कमी पडेल. शिवाय खाली बसविलेल्या गाडीत हेडर गतिरोधकाला सर्वांत आधी भेटेल."

चाकांचेही तसेच. या गाडीचे चाक साडेपाच इंचांच्या वर्तुळातील पाच नटांवर बसते. दिसायला सुंदर असलेले प्रत्येक चाक तेथे बसत नाही. बसले तरी फार बाहेर आल्यास बेअरिंगवर ताण येतो, फार आत गेल्यास वळताना टायर कमानीला घासतो. टायरची भार पेलण्याची क्षमता पाहावी लागते, ती वेगळीच.

"आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल ना?" मिस्त्रींनी सहज विचारले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नातवाच्या ध्यानात आले, की हौसेपायी आपण आजोबांची गाडीच गमावून बसू.

परतीच्या वाटेवर आप्पांनी देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचा विषय काढला. मुलाच्या हट्टाखातर त्यांनी भंगारातून, सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी गाडी घडविली. आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेचे कौतुक केले. मात्र ती नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. "हौस मोठी, कौशल्यही मोठे, तरी रस्ता सर्वांचा असतो," आप्पा म्हणाले. "तुझा आवाज तुला गोड लागेल. पण आपल्या गल्लीत आजारी माणसे आहेत, तान्ही मुले आहेत. त्यांची झोप मोडून मिळालेला आनंद जमेच्या बाजूला कसा मांडायचा?"

पुढच्या पंधरवड्यात नातवाने काढलेले पाटे पुन्हा बसविले. मूळ सोळा इंची लोखंडी चाके सरळ करून रंगविली. बिडाच्या मॅनिफोल्डला तडा होता. तो दुरुस्त करून नवी गॅस्केट टाकली आणि मूळ पद्धतीचा शांत सायलेन्सर जोडला. हेडरसाठी साठविलेल्या पैशांतून ब्रेकचे काम झाले. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली आणि शब्द दिल्याप्रमाणे आप्पांनी ती त्याच्या नावावर केली.

त्या सायंकाळी दोघे कृष्णेच्या घाटापर्यंत फिरून आले. वाटेत आप्पा पेढीच्या आरंभीच्या दिवसांच्या आठवणी सांगत होते. त्यांना आवाज चढवावा लागला नाही आणि नातवाला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.